क्षमाशील द्रौपदीची सोय

पुत्रवधानंतर द्रौपदीने अश्वत्थाम्याला क्षमा केली आणि तेच तिच्या व्यक्तित्वाचे शिखर होय, हे विधान आपल्या समीक्षेत आणि प्रवचनांत सारख्याच सहजतेने केले जाते. ही द्रौपदी भागवताच्या प्रथम स्कंधातली. आपल्याप्रमाणे कृपीला रडावे लागू नये म्हणून बांधून आणलेल्या गुरुपुत्राला ती सोडवते. भक्तिग्रंथाचे प्रयोजन निराळे. दोष त्याचा नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वातली द्रौपदी मात्र युधिष्ठिरासमोर प्रायोपवेशनाला बसते आणि अश्वत्थाम्याला रणात मारून त्याच्या मस्तकावरचा मणी आणावा, अशी मागणी करते. वध होत नाही. पण मणी हाती आल्यावरच ती उठते, आणि आपण ऋणमुक्त झालो असे म्हणते.

या दोन संहितांची सरमिसळ निरागस नाही. शोकाकुलाची न्यायाची मागणी हा विकार आणि क्षमा ही उदात्तता, असे आपण आधीच ठरवून टाकलेले असते. महाभारतकाराने मात्र दोन शोक समोरासमोर ठेवले आहेत. कपटाने मारल्या गेलेल्या पित्याचा सूड अश्वत्थामा रात्री, झोपलेल्यांना मारून घेतो. वादी तोच, न्यायाधीशही तोच. द्रौपदी आपले गाऱ्हाणे राजापुढे उघड मांडते आणि मागितल्यापेक्षा कमी शिक्षा मान्य करते. सूड आणि न्याय यांतली सीमारेषा येथे आहे. क्रोधाच्या कमीअधिकपणात ती शोधणे व्यर्थ. ही रेषा पुसून पुत्रहीन मातेला क्षमेच्या मखरात बसवणारी समीक्षा अखेर अपराध्याचीच सोय पाहते.