झेंडूचा हार नको, तेलाचा थेंब घाला!

फराळाच्या ताटात मिरची वाढू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. पण चिवड्यात मिरची असतेच. तेव्हा वाचकहो, एवढी एक दाताखाली आली तर रागावू नका.

नुकताच दसरा झाला. खंडेनवमीला आमच्या मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत शेडशेडमधून लेथला, ड्रिलला, दारातल्या टेंपोला झेंडूच्या माळा चढल्या. त्या पूजेशी माझे भांडण नाही. ज्या हाताने वर्षभर तेल घातले, त्याच हाताने एक दिवस हार घातला तर तो शोभूनच दिसतो. माझे भांडण आहे ते वर्षभर तेलाचा थेंबही न घालता फक्त हार घालणाऱ्यांशी. या जमातीत कचेऱ्या येतात, गृहनिर्माण संस्था येतात, तुम्ही येता, आणि अगदी पहिल्या रांगेत आम्ही मास्तर लोक येतो. कसे ते सांगतो.

गोष्ट आहे एका मोटरीची. आऊटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागल्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन. डोके पाण्याबाहेर, शेपूट पाण्यात, शेपटीला पंखा. ओले एव्हिनरूड नावाच्या एका नॉर्वेजियन वंशाच्या अमेरिकन कारागिराने 1909 साली मिलवॉकीत दीड अश्वशक्तीची अशी मोटर विकायला काढली आणि जगभर तिचा प्रसार झाला. म्हणतात की, वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणायला तो तळ्यापलीकडे वल्ही मारीत गेला, आणि परत येईतो आइस्क्रीमचे पाणी झाले. तेव्हा त्याला ही युक्ती सुचली. खरेखोटे तो जाणे आणि ती जाणे.

तुम्ही म्हणाल, अंबरनाथ-बदलापुरात होडी कुठली? अहो, उल्हास नदीला विचारा! 26 जुलै 2005 चा दिवस आम्ही विसरलेलो नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला म्हणून सगळ्या देशाने मुंबईची हळहळ केली. इकडे उल्हासकाठच्या वस्त्यांतूनही पाणी माळ्याला लागले होते. पुढे 2019 च्या 27 जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. सुमारे 1050 प्रवासी. त्यांना बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या आल्या, नौदलाचे जवान आले, आणि सारे प्रवासी सुखरूप निघाले. त्या दिवशी आम्ही काठावर उभे राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला तेल लागत नाही.

त्या पुरानंतर आमच्या बाजूच्या एका कचेरीला जाग आली. कचेरीचे नाव सांगत नाही. सांगितले तर बाकीच्या कचेऱ्यांना वाटेल की आपण सुटलो. तिने एक होडी घेतली आणि मोटर घेतली. नारळ फुटला, हार पडला, फोटो निघाला. फोटोत मीही आहे; स्वागताचे दोन शब्द बोलायला मला बोलावले होते. मग होडी आवारातल्या पत्र्याखाली गेली, मोटर भिंतीला टेकून राहिली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. त्या ताडपत्रीखाली पुढे काय चालले आहे, हे कोणीही पाहिले नाही.

2021 च्या जुलैत नदी पुन्हा चढली. नदीकडच्या चाळीत एक आजीबाई आणि दोन नातवंडे पोटमाळ्यावर अडकली. ताडपत्री निघाली, होडी पाण्यात गेली, दोरी ओढली. मोटर गप्प. पुन्हा ओढली. गप्प. चार माणसांनी आळीपाळीने तासभर दोरी ओढली, तळहात सोलून निघाले, पण तिने हूं की चूं केले नाही. शेवटी मोहल्ल्यातली पोरे ट्रकच्या ट्यूबा घेऊन पोहत गेली आणि त्या तिघांना घेऊन आली. आजीबाई वाचल्या, म्हणून मी आज हा लेख लिहितो आहे; नाहीतर मृत्युलेख लिहिला असता. 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' ही म्हण आपण मुलांना शिकवतो. इथे तर बंब सोमेश्वरीच होता, पण त्याला पाणी ओढता येत नव्हते!

पूर ओसरल्यावर ती मोटर मोरिवलीतल्या एका शेडमध्ये आली. शेडचा मालक फिटर, तिशीच्या आतबाहेरचा. त्याने मोटर स्टँडवर चढवली, कार्ब्युरेटर उघडला आणि मला जवळ बोलावले.

"सर, हे बघा."

आत तपकिरी गोंद साचला होता. दोन वर्षांपूर्वीचे पेट्रोल टाकीत आणि नळीत तसेच राहिले, उडून गेले आणि मागे हा चिकटा ठेवून गेले. सुईच्या टोकाएवढी भोके त्याने बंद झाली होती. पेट्रोलमधले इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. ते पाणी तळाशी बसून धातूला खाते. आता 2025 पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे झाले आहे, तेव्हा ही काळजी दुप्पट घेतली पाहिजे. मग त्याने खालचे पाणी ओढणारे रबरी चक्र काढले. त्याला इंपेलर म्हणतात. सुके पडून त्याच्या पाकळ्या एका बाजूला वळून तशाच ताठरल्या होत्या. इंजिन चालू झाले असते तरी थंड पाण्यावाचून तापून अडकलेच असते. खालच्या पेटीतले तेल काढले, तर ते ताकासारखे पांढरट निघाले.

"पाणी शिरलंय. सील गेलंय," तो म्हणाला.

एका दुपारचे काम. सुट्या भागांचा खर्च उद्घाटनाच्या हारतुऱ्यांहून जास्त नसेल. संध्याकाळी त्याने केमिकल कंपनीतून आणलेल्या निळ्या पिंपात पाणी भरले, मोटर त्यात उभी केली आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला ती बोलू लागली.

त्याच शेडच्या कोपऱ्यात दुसरी एक मोटर टांगली होती. ब्रिटिश सीगल, इंग्लंडातल्या पूल गावची, माझ्या वडिलांच्या वयाची. त्याने ती दारूखान्याच्या भंगारातून वजनावर उचलली होती. तिला झाकण नाही की बटण नाही. चक्रावर दोरी हाताने गुंडाळायची आणि ओढायची. मॅग्नेटोचे पॉइंट घासून, प्लग साफ करून, गंजलेले बोल्ट तेलात भिजवून, हळूहळू तापवून त्याने सोडवले होते. एकही तोडला नव्हता. तीही त्याच पिंपात सुरू झाली. दोन वर्षांची नवी मोटर मेलेली आणि म्हातारी भंगारातली चालती! फरक कंपनीचा नव्हता, वयाचा नव्हता. एकीला माणूस होता, दुसरीला नव्हता.

आता कोणी शहाणा म्हणेल, मास्तर, जुन्याचे पोवाडे गाऊ नका. कबूल. त्या म्हातारीला दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागते, ती धूर ओकते आणि पाण्यावर तेलाचा तवंग सोडते. ज्या नदीचे पाणी आपण पितो तिच्यात ती रोज फिरवावी असे मी म्हणणार नाही. नवी चार स्ट्रोकची मोटर स्वच्छ असते, खुशाल घ्या. पण नवी घेतली म्हणजे देखभाल माफ झाली, हे कोणत्या पोथीत लिहिले आहे? दुसरा म्हणेल, सुटे भाग मिळत नाहीत, कंपन्याच बंद पडतात. हेही खरे. एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन 2020 साली बंद झाले. पण मालकाने दार लावले म्हणून जगभरच्या त्या मोटरी त्या रात्री समुद्रात बुडाल्या नाहीत. फिटरांच्या हातांवर त्या अजून चालल्या आहेत. दुरुस्तीचा हक्क हवा म्हणून आपल्या सरकारने 2022 साली समिती नेमली, हे चांगले झाले. पण हक्क कागदावर मिळतो. पाना मात्र कोणीतरी हातात धरावा लागतो.

आपल्या कोळी बांधवांकडे पाहा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत होडी किनाऱ्यावर ओढतात, फटी बुजवतात, रंग देतात, इंजिन उघडून बसवतात; आणि मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. आधी पाना, मग नारळ. आपण नारळ फोडतो आणि पाना विसरतो.

म्हणून माझे मागणे लहान आहे. ज्या ज्या कचेरीच्या आवारात अशी मोटर आहे, तिथे ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पिंपात उभी करून दहा मिनिटे चालवावी. ठेवताना कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपू द्यावे. मे महिन्यात इंपेलर आणि पेटीतले तेल बदलावे. पुरात मोटर बुडाली तर त्याच दिवशी प्लग काढून पाणी उपसावे, तेल घालावे आणि सुरू करावी; आणि तेवढी सवड नसेल तर तिला गोड्या पाण्यातच बुडवून ठेवावी, कारण ओल्या लोखंडाला खरी चटक हवेची. भिंतीवर एक वही टांगावी, आणि वहीत 'संबंधित विभाग' असे न लिहिता एका माणसाचे नाव लिहावे.

आता राहिले आम्ही मास्तर. तो फिटर मला 'सर' म्हणतो, कारण तो माझ्या वर्गात होता. व्याकरणात कच्चा. एकदा भर वर्गात मी त्याला म्हणालो होतो, "असाच राहिलास तर जन्मभर गॅरेजात पाने घासशील!" वर्ग हसला होता. हे वाक्य एकट्या माझे नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत ते बोलले जाते, आणि घराघरांतून आईबाप त्याला दुजोरा देतात. ज्या अंबरनाथेत यंत्रे घडवणारी यंत्रे बनवायचा सरकारी कारखाना उभा राहिला, तिथल्या शाळेत आम्ही पान्याचा धाक घालतो! मग कचेरीतला साहेब ताडपत्री उचलायला धजत नाही यात नवल काय? त्यालाही कोणीतरी मास्तराने हेच शिकवले असणार.

त्या संध्याकाळी निळ्या पिंपातली मोटर चालू असताना मी त्याला ते वाक्य आठवते का म्हणून विचारले. त्याने हात चिंध्यांना पुसले.

"आठवतं ना, सर. पण त्या आजी माझ्याच चाळीतल्या. मोटर आधी माझ्याकडे आली असती, तर पोरांना पुरात उतरावं लागलं नसतं."

त्यावर मला बोलायला काही उरले नाही. यंदा शाळा उघडली की त्याला वर्गात बोलावणार आहे. कार्ब्युरेटर टेबलावर ठेवून तो शिकवील आणि मी मागच्या बाकावर बसेन. तुम्ही निदान एवढे करा: पाडव्याला वहीपूजन झाले की घरातले जे यंत्र वर्षभर कोपऱ्यात पडले आहे, ते बाहेर काढा आणि चालते का पाहा. चालले तर दिवाळी. नाही चालले तर कोपऱ्यावरच्या फिटरला हाक मारा, आणि पोरांना त्याच्या शेजारी बसवा.