विश्लेषण : नव्या निदान चाचण्यांपैकी आधी कोणती पडताळायची, हे कसे ठरते?

हातात मावणारे यंत्र, थुंकीऐवजी जिभेवरील नमुना, क्ष-किरण चित्र वाचणारे सॉफ्टवेअर... रोगनिदानाच्या नव्या चाचण्या सतत येत आहेत. मात्र त्यांच्या पडताळणीसाठी लागणारे रुग्णांचे नमुने, प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि पैसा मर्यादित आहे. त्यामुळे रांगेत आधी कोणती चाचणी घ्यायची, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो. क्षयरोगाचा अनुभव याबाबत बरेच काही सांगतो.

पडताळणी का लागते?

समजा, एखादी चाचणी बाधितांपैकी ९५ टक्क्यांना बाधित आणि निरोगींपैकी ९५ टक्क्यांना निरोगी ठरवते. ऐकायला हे उत्तम वाटते. पण १०,००० जणांत १०० बाधित असतील, तर ती ९५ रुग्ण शोधेल आणि ४९५ निरोगी व्यक्तींनाही बाधित ठरवेल. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या दर सहांपैकी पाच जण निरोगी! म्हणूनच चाचणी कोणावर, कुठे वापरली जाणार, हे पाहून पडताळणी करावी लागते.

क्रम चुकला तर काय होते?

क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंड तपासणाऱ्या चाचण्या भारतातील खासगी क्षेत्रात वर्षानुवर्षे सर्रास वापरल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे स्पष्ट केले आणि भारताने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. तोवर रुग्णांचे पैसे गेले होते. चुकीच्या निदानामुळे निरोगी व्यक्तीला महिनोन्महिने औषधे घ्यावी लागतात, तर खरा रुग्ण उपचारांविना राहून संसर्ग पसरवतो. एप्रिल २०२० मध्येही राज्यांना वाटलेले करोना प्रतिपिंड चाचणीचे काही संच अचूकतेच्या तक्रारींनंतर वापरू नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला (आयसीएमआर) सांगावे लागले.

प्राधान्याचे निकष कोणते?

रोगाचा भार किती, सध्याची चाचणी कुठे अपुरी पडते, निकालामुळे उपचार बदलणार का, चुकीच्या निकालाची किंमत काय आणि चाचणी गरजेच्या ठिकाणी चालेल का, हे प्रमुख प्रश्न. 'तंत्रज्ञान किती नवे' हा प्रश्न त्यानंतरचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये क्षयरोगासाठी आधी गरजा निश्चित केल्या : थुंकीशिवाय होणारी चाचणी, संशयित वेगळे काढणारी प्राथमिक चाचणी, सूक्ष्मदर्शक तपासणीला पर्याय आणि औषधरोधाची तपासणी. त्यानुसार चाचणी कशी हवी, याचे निकष जाहीर झाले.

याचे फलित काय?

गोव्यातील मोलबायो कंपनीचे 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते. वीज आणि मोठी प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणची उणीव ते भरून काढते. आयसीएमआरच्या मूल्यमापनानंतर ते राष्ट्रीय कार्यक्रमात आले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली.

भारतात व्यवस्था काय?

परवान्याची जबाबदारी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे आहे. आयसीएमआर तांत्रिक मूल्यमापन करते. खर्चाच्या तुलनेत लाभ किती, हे तपासण्यासाठी २०१७ मध्ये 'हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया' ही यंत्रणा उभी राहिली. कोणत्या आरोग्य केंद्रात कोणत्या चाचण्या हव्यात, हे सांगणारी राष्ट्रीय अत्यावश्यक निदान यादी २०१९ मध्ये आली.

पुढे काय?

परवान्यासाठी अर्ज कंपनी करते, रुग्ण नाही. त्यामुळे ज्या चाचणीला बाजार मोठा, ती रांगेत आपोआप पुढे येऊ शकते. लहान मुलांना थुंकीचा नमुना देता येत नाही आणि त्यांचा क्षयरोग अनेकदा निदानाविना राहतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण असलेल्या भारतात रांगेचा क्रम अशा गरजांवरून ठरायला हवा. गरजांची यादी आधीच जाहीर असेल, तर कोणती चाचणी पुढे का गेली, हे विचारताही येईल.