उष्टे ताट कोणी उचलायचे?

आपले बांधव आता विहारे पाहायला सिंगापूरला जाऊ लागले आहेत. आनंद आहे. पण तेथेही टूरवाला नेईल त्या ‘शुद्ध शाकाहारी’ हॉटेलात मुकाट जेवतात! त्यांना माझे सांगणे आहे, हॉकर सेंटरला जा. १९७० च्या दशकात तेथील सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना हाकलून न देता हे गाळे बांधून दिले. साउथ ब्रिज रोडवरील बुद्धांच्या दंतधातूच्या विहारासमोरच मॅक्सवेल सेंटर आहे. स्थानिकांची रांग जेथे मोठी, तेथे उभे राहावे. लिटल इंडियातील टेक्का सेंटरमध्ये तर चिनी, मलय, तमिळ सारे एकाच छपराखाली शिजवतात. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट दिसले तर जागा धरलेली समजावी. नाहीतर कोणाही अनोळखी माणसाशेजारी बसावे. आडनाव कोणी विचारत नाही. (आमच्याच विमानातल्या एका देशबांधवाने मात्र विचारले.)

आणि जेवण झाले की आपले उष्टे आपणच उचलायचे. २०२१ पासून तेथे याची कायद्याने अंमलबजावणी होते. आधी समज, पुन्हा चुकलात तर दंड. आपल्याकडे हॉटेलात टेबल पुसणारा पोरगा कोणत्या वस्तीतून येतो, हे वाचकांना सांगायला नको. माझ्या शेजारचा सुटाबुटातला साहेब जेवला, हाडे-रश्शाने भरलेला ट्रे उचलून रॅकमध्ये ठेवला आणि हात धुऊन कामाला निघून गेला.