मुंगीची साक्ष

आमच्या डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींतून निघालेल्या टाकाऊ मातीचे डोंगर ठिकठिकाणी उभे आहेत. त्यांपैकी कित्येकांवर आकेशियाची लागवड झाली आणि दुरून पाहणाऱ्यास ते हिरवेगार दिसू लागले. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना अशाच एका डोंगरावर नेऊन मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "पाहा, माणसाने केलेली जखम माणसानेच भरून काढली!"

दुपारी सावलीत बसून डबे उघडले. गुळाचा खडा खाली पडला आणि त्याभोवती मुंग्या जमल्या. त्या निरखीत बसलेला एक मुलगा सहज म्हणाला, "सर, इथे सगळ्या एकाच जातीच्या दिसतात. आमच्या देवराईत किती तऱ्हेच्या असतात!" परतताना देवराईत थांबून आम्ही तोच प्रयोग केला. अर्ध्या तासात मुलांनी पाच निरनिराळ्या मुंग्या ओळखल्या. ही मोजणी शास्त्रशुद्ध नव्हती, हे मी जाणतो. परंतु माझे सकाळचे वाक्य त्यानंतर मला बोचू लागले.

पुढे वाचनात आले, की त्या मुलाला जे सहज सुचले, त्याचेच ऑस्ट्रेलियात एक शास्त्र बनले आहे. योगायोग असा, की आमच्या खाणींवरील आकेशियाचे मूळ घरही उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी हेच! पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराजवळच्या जारा वृक्षांच्या अरण्यात 1963 पासून बॉक्साइटचे उत्खनन सुरू झाले. खनिज काढून घेतल्यावर जमिनीवर पुन्हा झाडे लावीत. परंतु झाडे लागली म्हणजे अरण्य परतले काय, हा प्रश्न उरतच होता. जोनाथन मेजर या संशोधकाने तो मुंग्यांना विचारला. मुंग्या हे भूमीच्या पुनर्वसनाचे दर्शक आहेत, असे प्रतिपादन करणारा त्यांचा लेख 1983 मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंग्याच का? पक्षी उडून जातो, पशू वाट बदलतो. मुंगी मात्र आपल्या वारुळाला बांधलेली असते. जगात मुंग्यांच्या सुमारे 14 हजार जाती शास्त्राला ठाऊक आहेत आणि प्रत्येकीची गरज वेगळी. कोणी तापलेल्या उघड्या जमिनीवर राज्य करते, कोणी कुजक्या पालापाचोळ्याखाली लपून राहते, कोणी विशिष्ट कीटकांचीच शिकार करते, तर कोणी बिया वाहून नेऊन त्यांची पेरणी करते. पालापाचोळा साचला नसेल, तर त्यात राहणारी मुंगी येणारच नाही. म्हणून कोणत्या मुंग्या आल्या आणि कोणत्या आल्या नाहीत, यावरून मातीची हकीकत वाचता येते.

पद्धतही आपल्या शाळांना झेपेल इतकी साधी. लहान नळ्या तोंडापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यांत कीटक न कुजता टिकतील असा द्रव ठेवतात. काही दिवसांनी पडलेल्या मुंग्या काढून त्यांच्या जाती लावतात आणि शेजारच्या अबाधित रानातील मुंग्यांशी ताडून पाहतात. मेजर यांना असे आढळले, की जेथे नाना प्रकारच्या वनस्पती लावल्या होत्या, तेथे मुंग्यांच्या जातीही अधिक परतल्या. जातींची संख्या मूळ अरण्याच्या जवळ गेली, तरी त्यांची घडण मात्र दीर्घकाळ निराळीच राहते, हेही ध्यानात आले. उत्तरेकडे काकाडू प्रदेशातील रेंजर या युरेनियमच्या खाणीवर अ‍ॅलन अँडरसन यांनी अशाच कसोट्या लावल्या. मुंग्यांची त्यांच्या जीवनक्रमानुसार गटवार विभागणी रूढ करण्याचे श्रेयही मुख्यतः त्यांचेच. त्या खाणीतील खनिजप्रक्रिया 2021 मध्ये थांबली. भूमी पूर्ववत करण्याचे काम मात्र अजून चालूच आहे.

गोव्यातील लोहखाणी 2012 मध्ये बंद झाल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. पुढे लिलाव झाले आणि खाणींचे चक्र पुन्हा फिरू लागले. खाणीवर कित्येकांची चूल अवलंबून आहे. तिच्याविषयी येथे वाद घालावयाचा नाही. परंतु उद्या कोणी हिरव्या टेकडीकडे बोट दाखवून "काम झाले" असे म्हणेल, तेव्हा "मुंग्या काय म्हणतात?" एवढे तरी आपण विचारावे. केवळ मुंग्यांवरून अखेरचा निवाडा देता येत नाही, हे खरे. पण त्यांची साक्ष नोंदविल्याशिवाय दिलेला निवाडा मात्र अपुराच ठरेल.

आमच्याकडे सातेरी देवी वारुळाच्या रूपाने पुजली जाते. ते वारूळ वाळवीचे, मुंगीचे नव्हे, असे विज्ञानशिक्षक म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. तथापि भूमीचे दैवत उंच शिखरावर न शोधता मातीतून वर आलेल्या त्या ढिगात शोधणाऱ्या पूर्वजांची दृष्टी खाली, पायांशी होती. माझी दृष्टी त्या दिवशी केवळ झाडांच्या शेंड्यांवर होती. ती खाली वळविली एका आठवीतल्या मुलाने. दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझे वाक्य परत घेतले. त्यानंतर दर वर्षी सहलीला निघताना डब्यांबरोबर गुळाचा एक खडा आम्ही न विसरता नेतो.