नाताळ घरी कोण आणतो?

उल्हासनगर ही बाजारपेठांची नगरी आहे. डिसेंबर उजाडला की कागदी तारे, कापसाच्या दाढ्या, तांबड्या टोप्या, घडी घालून पेटीत ठेवता येणारी हिरवी झाडे, असा सारा नाताळ दुकानात टांगलेला मिळतो. आणि खिशात पैसे असले म्हणजे अर्ध्या तासात तो घरी नेता येतो. आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो तो प्रश्न या खरेदीनंतरचा आहे. कॅम्प एकमधील दोन खोल्यांच्या घरात पाच-सात वर्षांचे जे मूल वाढत आहे, त्याच्यापाशी या नाताळातून पुढे काय उरणार?

या वस्तीतील ख्रिस्ती कुटुंबे एका मुळाची नाहीत. कोणी नगर-जालन्याकडून आलेले, कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, तर कोणी थेट केरळातले. गावी सण आपल्या पायांनी चालत येत असे. देवळाची घंटा होती, करंज्या भरावयास बसणारी आत्या होती, दारोदार गाणी म्हणत फिरणारी तरुण मंडळी होती. आईबापांनी काही ठरविण्याची गरजच नव्हती. येथे बापाला पाळी, आईला शहाडहून सकाळची गाडी, आजी-आजोबा दोनशे मैलांवर. परंपरा घरात येण्याची वाटच बंद झालेली. ती आता घरातूनच सुरू करावयास हवी.

यावर पुष्कळ तरुण आईबाप संकोचाने विचारतात की, परंपरा म्हणजे वाडवडिलांपासून आलेली. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून ठरविलेली गोष्ट परंपरा कशी होईल? हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो. इटलीतील ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली गवत, गव्हाणी, बैल आणि गाढव एकत्र आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तो साध्या गावकऱ्यांना ती रात्र डोळ्यांनी दिसावी म्हणून. हँबुर्ग येथे योहान विचेर्न हे धर्मोपदेशक निराधार मुलांचे वसतिगृह चालवीत. नाताळ केव्हा, नाताळ केव्हा, असा मुलांनी रोज धोशा लावला, तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या. आठवड्याच्या दिवसांना लहान तांबड्या, रविवारांना मोठ्या पांढऱ्या. रोज एक पेटवावयाची आणि उरलेल्या मोजावयाच्या. आगमनकाळात आज देशोदेशीच्या चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचे जे चक्र दिसते, त्याचे मूळ हे. मुलांची अधीरता आणि एक मोडके चाक, एवढेच भांडवल.

आपल्या घरी चाकही नको. मातीच्या चार पणत्या दिवाळीतून उरलेल्या असतातच. रविवारी संध्याकाळी दिवा मालवून एक पणती लावावी, पुढच्या रविवारी दोन. तीन वर्षांच्या मुलालाही हा हिशेब कळतो. ताऱ्याचेही तेच. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ यांनी आकाशकंदील करणाऱ्या महाराष्ट्रात तारा विकत आणावा लागणे ही गंमतच म्हणावयाची! मुलाने केलेला तारा वाकडा होईल, एक कोन लोंबेल. होऊ द्यावा.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जुनी पुराणे सुटल्यावर नव्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या भाषेत वाचावे काय, गावे काय, ही त्या ग्रंथामागची निकड होती. चारशे वर्षांनंतर कॅम्प एकमधील मुलापुढे ती निकड उलट बाजूने उभी आहे. मूल इंग्रजी माध्यमात जाते, मोबाईलवर इंग्रजी गाणी ऐकते, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्य वेचून रचलेली मराठी पदे त्याच्या कानावरून जातही नाहीत. इंग्रजी गाण्यांशी आमचे वैर नाही. परंतु घरातील आजीला जे गाणे येत नाही, ते नातवाचे एकमेव नाताळगीत असू नये, असे आम्हांस आग्रहाने म्हणावेसे वाटते. एकच पद घ्यावे, दरवर्षी तेच म्हणावे. मुलांना नावीन्याची हौस असते हा मोठ्यांचा समज आहे; त्यांना खरी हौस असते ती मागल्या वर्षीचेच पुन्हा होण्याची, आणि त्यात एक ओळ गाळली तर ती पकडण्याची.

आता या गावाची स्वतःची एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी छावणी होती. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे तिच्या बराकींत उतरली, आणि १९४९ साली या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प हा शब्द तेवढा मागे राहिला. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते तान्हे बाळ घेऊन रातोरात मिसर देशी पळतात. ही कथा समजावून सांगण्यास दुसऱ्या कोणत्या गावी एवढे सोपे असेल? करंज्यांचे ताट मुलाच्या हाती द्यावे आणि शेजारच्या सिंधी घरी पाठवावे. त्या घरातले कोणी वडीलधारे आपल्या आईबापांची हकीकत सांगतील: कराचीहून बोटीने कसे आले, बराकीत पडद्यांच्या आडोशाने संसार कसे मांडले. ते ऐकून परतलेल्या मुलास गोठ्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. आणि चेटीचंडाला त्याच ताटातून गोड भात आला, तर तोही आपल्या घराच्या पंचांगात लिहून ठेवावा.

लाल डगल्यातील नाताळबाबाविषयी आम्हांस पत्रे येतात. त्याला घरी येऊ द्यावे की नाही? येऊ द्यावे; मूळ पुरुष चौथ्या शतकातला बिशप होता, परका नव्हे. मात्र वर्षातून एकदा तरी मुलाने घेणारा न होता देणारा व्हावे, एवढी अट घालावी.

बापाची चोवीस तारखेला रात्रपाळी असेल, तर प्रार्थना सकाळी तो परतल्यावर करावी. घड्याळापेक्षा त्या माणसाचे घरात असणे महत्त्वाचे. तोवर मुलांना झोपू द्यावे.

गोठा मात्र आधीच मांडावा: खोक्याचा पुठ्ठा, चिमूटभर गवत, मातीच्या गाई. गव्हाणी तेवढी रिकामी ठेवावी. बाळ तिच्यात कोणी ठेवावयाचे, यावरून भावंडांत भांडण होईल. ते धाकट्याच्या हाती द्यावे आणि थोरल्यास पणती धरावयास सांगावे. पुढल्या वर्षी पाळी बदलावी, आणि ती कोणाची होती हे मुले स्वतःच लक्षात ठेवतील.