रायफल लेकीच्या मापाची हवी!

अमरावतीत एनसीसीच्या कॅम्पहून लेक आली, ती ‘पॉइंट टू टू’चं वेड घेऊनच. शेजारच्या आजी म्हणाल्या, “पोरीले बंदूक कायले पायजे माय?” मी म्हटलं, आजी, २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, ती याच बोअरच्या रायफलवर!

पण मैत्रिणींनो, कौतुकापोटी सगळ्यात महागडी रायफल घेऊन मोकळ्या होऊ नका. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, काबुली चण्याएवढं. तिथे किमतीपेक्षा माप कामी येतं. दस्ता खांद्याला नीट बसतो का, गाल टेकला की डोळा आपसूक साइटसमोर येतो का, वजन पेलतं का, हे आधी क्लबच्या रायफलवर पाहा. बोल्ट सहज सरकायला हवा, ट्रिगर हलका पण नेमका हवा. दोन-तीन प्रकारच्या गोळ्याही झाडून बघा. एका रायफलला मानवलेली गोळी दुसरीला मानवेलच असं नाही.

अकोल्याच्या माझ्या भावाने विचारलं, “यानं शेतातले रोही, रानडुक्कर मारता येतील का?” पीक उद्ध्वस्त होतं, त्याचं दुःख खरंच आहे. पण एवढ्याशा गोळीने मोठं जनावर पटकन मरत नाही, जखमी होऊन तडफडतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे. आणि ही रायफल घरी ठेवायची तर परवानाही हवाच.

बांगड्या भरताना आपण लेकीच्या हाताचं माप बघतोच ना? मग रायफल घेतानाच ते का विसरायचं?