आपल्या डोंगराची नोंद कोण करणार?

रविवारी सकाळी सात वाजता एखाद्या उद्यानाच्या दारात पंधरा-वीस माणसे जमतात. दोघा-तिघांकडे दुर्बीण असते. एक जाणकार पुढे चालतो, थांबतो, ऐकायला सांगतो, पिंपळावरचा तांबट दाखवतो. दोन तासांत जेमतेम एक किलोमीटर चालणे होते. ही निसर्गफेरी. महिन्यातल्या एखाद्या रविवारी हीच मंडळी हातमोजे घालून प्लास्टिक गोळा करतात, माजलेली घाणेरी उपटतात. ते श्रमदान. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत असे उपक्रम नेहमी चालतात आणि त्यांतले बरेचसे मोफत असतात. मी गेली काही वर्षे त्यांत जातो. तिथे मुस्लिम तरुण-तरुणी फार क्वचित दिसतात. यात आपले नुकसान आहे, आणि ते एका चांगल्या सकाळीपुरते नाही, असे मला वाटते.

मित्रांशी हा विषय काढला की एकच उत्तर येते : ‘आपल्यापुढे शिक्षणाचा, नोकरीचा, घर भाड्याने मिळण्याचा प्रश्न आहे. पक्षी बघत बसायला वेळ कुणाला?’ हे प्रश्न खरे आहेत. पण ज्या वस्त्यांत खेळायला मैदान नाही, सावलीला झाड नाही, नाल्याकाठी कचऱ्याचे ढीग आहेत, त्यांत आपल्या वस्त्या बऱ्याच आहेत. मोकळी जागा ही आपल्यासाठी चैन नव्हे. तिची सर्वांत जास्त गरज आपल्यालाच आहे.

शिवाय हा छंद आपल्याला परका नाही. डॉ. सलीम अलींचा जन्म 1896 साली मुंबईतल्या बोहरा कुटुंबात झाला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखून दिला आणि संस्थेचा संग्रहही दाखवला. पुढे याच माणसाने अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे ते प्रसिद्ध पुस्तक लिहिले. हुमायून अब्दुलअली आणि जफर फतेहअली हेही याच परंपरेतले. आपण सलीम अलींचे नाव स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतो आणि तिथेच सोडून देतो.

त्यांच्या कामातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे नोंद. कुठला पक्षी, कुठे, कधी, किती. आयुष्यभराच्या अशा नोंदी पाठीशी असल्यामुळेच भरतपूर आणि सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी टाकलेल्या शब्दाला वजन आले.

आज ही नोंद कुणालाही करता येते. ई-बर्डसारखे मोफत ॲप मोबाईलवर चालते. 2023 सालचा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरचा अहवाल अशाच सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांतले बहुतेक लोक तुमच्या-माझ्यासारखे नोकरी-धंदा करणारे आहेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटाबेसमध्ये ‘शून्य’ आणि ‘रिकामे’ यांत मोठा फरक असतो. शून्य म्हणजे पाहिले, मोजले, काही सापडले नाही. रिकामे म्हणजे कुणी पाहिलेच नाही. पण रस्त्याची किंवा इमारतीची योजना कागदावर येते, तेव्हा दोन्ही सारखेच धरले जातात : ‘इथे काही नाही.’ मुंब्र्याचेच घ्या. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. याच ठाणे खाडीचा पुढचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो बघायला लोक लांबून येतात. मुंब्रा-कौशातल्या किती मुलांनी ते पाहिले आहेत? आणि आपल्या बाजूच्या डोंगरावर पावसाळ्यात काय उगवते, हे कुणी लिहून ठेवले आहे?

कायद्यातही या नोंदीला जागा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. लोकांनी सांगितल्याशिवाय ती भरणार कशी? शहरातले झाड तोडण्याआधी हरकती मागवल्या जातात. हरकत घेणाऱ्याने ते झाड कोणते, त्यावर कुणाची घरटी आहेत, हे सांगितले तर त्याच्या अर्जाला बळ येते. ‘झाडे वाचवा’ एवढ्याने ते येत नाही.

कचऱ्याच्या जागी काय होऊ शकते, हे पाहायचे असेल तर धारावीला लागून, मिठी नदीकाठी असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जा. सुमारे 37 एकरांची ही जागा एकेकाळी मुंबईचे डम्पिंग ग्राउंड होती. आज तिथे जंगल आहे.

आयोजकांनाही दोन शब्द. फेरीची माहिती ठराविक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच फिरत राहिली तर ठराविक लोकच येणार. मराठीतून, जमेल तिथे उर्दूतून बोला. आमच्या शाळांना, कॉलेजांना कळवा. नव्याने आलेल्या दाढीवाल्या मुलाकडे किंवा हिजाबमधल्या मुलीकडे पक्ष्यापेक्षा जास्त वेळ कुणी बघू नये, याची काळजी घ्या.

मुलींच्या बाबतीत घरच्यांशीही बोलावे लागेल. सकाळची वेळ, सोबत गट, ठरलेली जागा, दोन तासांत परत. अम्मी-अब्बूंना पटवायला याहून सोपा कार्यक्रम दुसरा नाही. अम्मींनाच सोबत न्या. कोकणातल्या गावी वाढलेल्या आपल्या कितीतरी आया-आजींना ॲपपेक्षा जास्त झाडे ओळखता येतात.

झाड लावणे सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. श्रद्धेने कुणी आला तर आनंदच आहे. मी नागरिक म्हणून सांगतो आहे : ज्या जागेवर आपण चालतो, जिची नावनिशी आपल्याला ठाऊक असते, जिथला कचरा आपण उचललेला असतो, तिच्याबद्दल बोलताना आपला आवाज चाचरत नाही.

म्हणून एकच सुचवतो. या महिन्यात जवळच्या एका निसर्गफेरीला जा. पुढच्या महिन्यात पाच जण मिळून आपल्याच मोहल्ल्यातली एक जागा निवडा. बाग, तलाव, कब्रस्तानातली जुनी झाडे, काहीही. दर महिन्याला त्याच वेळी तासभर पाहा, लिहा आणि निघताना एक पोते कचरा उचला. वर्षभरात बारा याद्या हातात येतील. त्या घेऊन महापालिकेच्या समितीकडे जा आणि नोंदवहीत आपल्या वस्तीचे पान मागा.